हजेरीपत्रकावरचे नाव

आज रविवार. चहाचा दुसरा कप हातात घेऊन पुरवणी चाळण्याची ही निवांत सवड आपल्याला कोणी मिळवून दिली, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांची रविवारची सुट्टी मान्य केली. त्यामागे होती नारायण मेघाजी लोखंडे यांची अनेक वर्षांची खटपट. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव आपल्याच पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर. सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्याकडे रुजायला तिथून सुरुवात झाली.

पण याच रविवारी संध्याकाळी आपण सहकुटुंब तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर जातो, तेव्हा आपल्यासमोर साड्यांच्या घड्यांवर घड्या उलगडणाऱ्या मुलाला सुट्टी कधी असते? त्याचा पगार कोठे लिहिला जातो? तो आजारी पडला तर त्याचा खाडा धरतात की रजा? आणि उद्या तो कामावर आला नाही, तर तो इथे कामाला होता हे सिद्ध करणारा एखादा कागद तरी आहे का? गेल्या काही वर्षांत कामगार कायदे इतक्या वेगाने बदलले आहेत, की हे प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. ते दुकानदाराच्या हिताचेही आहेत.

दुकाने आणि आस्थापनांचा मुंबई राज्याचा कायदा 1948 सालचा. त्याखाली लहानमोठ्या प्रत्येक दुकानाची नोंद व्हावी लागे. एकच नोकर असला तरी तो कायद्याच्या नजरेत होता. गल्ल्यामागच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी चौकटीत लावलेले 'शॉप अ‍ॅक्ट लायसन्स' पुणेकरांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. 2017 मध्ये राज्याने नवा कायदा केला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी फक्त धंदा सुरू केल्याची सूचना द्यायची. 2025 मध्ये ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यात आली. शून्य, दहा, वीस असा हा प्रवास आहे. त्यातच 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत विलीन झाले. तिथे कर्मचारी राज्य विमा आणि ग्रॅच्युइटी यांचा आकडा दहाचा, भविष्य निर्वाह निधीचा वीसचा, पाळणाघराचा पन्नासचा. किमान वेतनाला मात्र असा कोणताच आकडा नाही. एक माणूस ठेवला तरी ते द्यावेच लागते.

या आकड्यांमुळे एक विचित्र प्रकार जन्माला आला आहे. त्याला 'नवावर थांबलेला धंदा' म्हणता येईल. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन घेऊन मोठ्या कारखान्यांचे जॉबवर्क करणारा लघुउद्योजक असो, की रविवार पेठेतला घाऊक व्यापारी, हजेरीपत्रकावर नऊच नावे असतात. दहावा माणूस 'भाच्याचा मित्र' असतो, अकरावा 'ठेकेदाराचा' असतो आणि बारावा आजच शिकायला आलेला असतो, गेली तीन वर्षे! त्यांचा पगार व्हाउचरवर किंवा नुसता हातावर. माणूस आहे, काम आहे, घाम आहे. फक्त नाव नाही.

मालकाला यात खलनायक ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. छोटा धंदेवाला स्वतःच सेल्समन, स्वतःच मुनीम आणि स्वतःच हमाल असतो. मोठा कारखाना वेगळा मनुष्यबळ विभाग ठेवू शकतो. याच्या घरची बाई रात्री जेवणे आटोपल्यावर जीएसटीची बिले लावत बसते. त्याने दर महिन्याच्या विवरणपत्रांच्या तारखा कशा सांभाळायच्या? एक तारीख चुकली की व्याज, दुसरी चुकली की दंड. आणि एखादा कायदा एकदा लागू झाला, की पुढे माणसे कमी झाली तरी त्यातून सहसा सुटका नसते. म्हणून दहावे नाव लिहिताना त्याचा हात थबकतो. शिवाय मोठ्यांचे तरी सगळे आलबेल कोठे असते? 2024 मध्ये कामगार खात्याचे अधिकारी पुण्यातल्या एका बड्या कंपनीच्या कार्यालयात तपासणीला गेले, तेव्हा 2007 पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे उघड झाले. मग आम्हीच कायद्याचे ओझे का वाहायचे, असे छोट्या माणसाने म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे?

उत्तर हिशेबातच शोधावे. दरमहा 15 हजार पगाराचा नोकर राज्य विमा योजनेत आला, तर जुलै 2019 पासूनच्या दराने मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे 487 रुपये 50 पैसे आणि नोकराचे पाऊण टक्का म्हणजे 112 रुपये 50 पैसे, असे मिळून 600 रुपये होतात. एवढ्यात त्याला, त्याच्या बायकोला आणि मुलांना बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या विमा रुग्णालयाचे दार उघडते. आजारपणात बुडणाऱ्या पगाराची काही भरपाई मिळते आणि कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी योजना उचलते. नाव नसलेल्या माणसाचा हात मशीनमध्ये सापडला, तर हाच खर्च मालकाच्या अंगावर येतो. कधी एका फटक्यात सबंध धंदाच घेऊन जातो. आज वाचवलेले 487 रुपये ही बचत नव्हे, ती उधारी आहे.

ग्रॅच्युइटीचेही तसेच. शेवटचे वेतन 12 हजार आणि नोकरी वीस वर्षांची असेल, तर पंधरा दिवस भागिले सव्वीस या सूत्राने सुमारे 1 लाख 38 हजार रुपये होतात. वीस वर्षे सकाळी शटर वर करणाऱ्या माणसाला निरोप देताना मालक अनेकदा शाल, श्रीफळ आणि एक पाकीट देतो, आणि त्याला मनापासून वाटते की आपण फार केले. त्याच्या प्रेमाबद्दल शंका नको. पण उपकार आणि हक्क यांत फरक आहे. उपकार घेणाऱ्याची मान खाली असते, हक्क घेणाऱ्याची ताठ.

'आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहे हो' हे वाक्य आपल्या बाजारपेठेत पदोपदी ऐकू येते. मुलीच्या लग्नाला उचल मिळते, गावी जायला पैसे मिळतात, दिवाळीला एक पगार मिळतो. हे खरे आहे आणि चांगलेही आहे. गंमत अशी, की वर्षातून एक जादा पगार म्हणजे बरोबर 8.33 टक्के, म्हणजे कायद्याने ठरवलेला किमान बोनस. अनेक मालक कायदा न वाचताच तो पाळत असतात! पण घरच्यासारखे असण्याची दुसरी बाजूही आहे. उचल कधी फिटली, किती उरली, हे एकट्या मालकाच्याच वहीत असते. कामाचे तास मोजले जात नाहीत. आणि घरच्यासारखा म्हणून तो रात्री दुकानातच झोपतो.

या शेवटच्या वाक्याची किंमत पुण्याने मोजली आहे. 30 डिसेंबर 2016 च्या पहाटे कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. शटरला बाहेरून कुलूप होते. अडीच वर्षेही गेली नव्हती, तोच 9 मे 2019 रोजी उरुळी देवाचीच्या एका साड्यांच्या दुकानात तेच घडले. पाच कामगार आत, कुलूप बाहेर. कागदोपत्री नोंद असती तर आग लागली नसती, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या माणसाच्या कामाची वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे आणि ज्याची विचारपूस करायला बाहेरचे कोणी येऊ शकते, त्याला रात्री कुलपात ठेवणे इतके सोपे राहत नाही. ज्याची गणतीच नाही, तो आत आहे की बाहेर, हे कोण पाहणार?

मग मार्ग काय? तो पुण्याला नवा नाही. बाजारातला हमाल दिवसाला दहा पेढ्यांवर पोती उचलतो. त्याचा मालक कोण? 'माझा नाही' असे प्रत्येक व्यापारी म्हणू शकत होता, आणि म्हणतही होता. डॉ. बाबा आढाव यांनी 1955 मध्ये पुण्यात हमाल पंचायत उभी केली. राज्यातल्या अशा संघटनांच्या लढ्यांतून 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतात. मालक, कामगार आणि सरकार यांचे मिळून असलेले ते मंडळ हमालांची नोंद ठेवते आणि मजुरी, निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी सांभाळते. एकट्या पेढीला जे झेपणारे नव्हते ते सगळ्यांनी मिळून केले. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्यांबद्दल चाकणचे उद्योजक तक्रार करतात. तो बंदोबस्ताचा प्रश्न आहे. त्यामुळे मूळ कल्पना खोटी ठरत नाही.

हीच कल्पना पेठांतल्या व्यापारी संघटनांना आणि भोसरी-चिंचवडच्या लघुउद्योजकांना का अमलात आणता येऊ नये? पन्नास दुकानांनी मिळून एक जाणकार कारकून ठेवावा. सगळ्यांची हजेरी, पगारपत्रके, विमा आणि निधीचे भरणे त्याने पाहावे. खर्च वाटला गेला की दुकानागणिक ओझे राहत नाही आणि नवावर अडलेला हात दहावे नाव लिहायला धजावतो. सरकारनेही सवलत द्यायची तर ती कागद कमी करण्यात द्यावी, माणसे कमी मोजण्यात नव्हे. वीस रजिस्टरांचे एक करा, अवश्य करा. पण त्या एकात शेवटच्या पोऱ्याचेही नाव असू द्या.

आणि वाचकहो, आपण दुकानदार नसलो तरी यातून सुटत नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या दृष्टीने आपणच मालक आहोत. घरेलू कामगारांसाठी राज्यात 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या मंडळाकडे आपल्या घरच्या मावशींची नोंद आहे का, हे आपण कधी विचारले आहे? ठरलेली सुट्टी, ठरलेला पगार, वर्षाची ठरलेली वाढ आणि हे सारे लिहिलेली दोघांकडे एकेक वही, एवढे करायला निरीक्षकाची किंवा आकड्याची वाट पाहावी लागत नाही.

हजेरीपत्रकावर नाव लिहायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात एक माणूस 'पोऱ्या', 'मावशी', 'गडी' न राहता नावानिशी कामगार होतो. लोखंड्यांनी रविवार मिळवला तो अशा माणसांसाठी. त्यांच्या वाट्याला तो अजून पुरता आलेला नाही.