झाकणाचे छिद्र

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारसायकल ठेवू नये, असे आमच्या घरच्या मंडळींचे मत आहे. वाक्य अडखळले तर कर्ता कुठे चुकला ते मला चटकन सांगता येते. गाडी अडखळली की मात्र माझे व्याकरण संपते.

गाडी अण्णांची, १९६९ सालची जावा. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या होऊ लागल्या, पुढे त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखानाच बंद पडला. यंदा मे महिन्यात मला तिला नटवण्याची हौस आली. टाकीला नवा मरून रंग दिला, टाकीच्या झाकणाला क्रोमची चकाकी करून आणली, आणि नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालो. सातपूर मागे पडले आणि महिरावणीजवळ गाडीने मान टाकली. वीस मिनिटे झाडाखाली बसलो, किक मारली, तर चालू! अंजनेरीपाशी पुन्हा तेच.

मिस्त्रींनी प्लग बदलला. मग कंडेन्सर, मग कॉइल. 'करंट तुटतोय', 'हवा घेतेय', 'कचरा आलाय' अशी निदाने होत गेली. दुकानासमोर गाडी गुणी बाळासारखी वागे. गावाबाहेर पडली की हट्टाला पेटे. अखेर सौभाग्यवतींनी हिशेबाची वही पुढे केली आणि मी एका गिऱ्हाइकाला 'रविवारी संध्याकाळी या' म्हणून सांगून टाकले.

अण्णांना कोणी काही विचारलेच नव्हते. आई गेल्यापासून ते फारसे बोलत नाहीत. त्यांना त्रास नको, म्हणून घरातली कुठलीच अडचण आम्ही त्यांच्या कानावर घालत नाही. पण गाडी विकतोय एवढे तरी सांगावे, म्हणून शनिवारी रात्री त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "बंद पडते ती एकदम, दिवा मालवल्यासारखी? की दम लागल्यासारखी हळूहळू?"

"हळूहळू."

"मग करंट नव्हे, पेट्रोल. टाकी भरलेली असताना लवकर पडते की अर्धी असताना?"

मी आठवून पाहिले. "भरलेली असताना."

"झाकण कुणी उघडलं होतं?"

मी क्रोमची हकीगत सांगितली. अण्णा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हट्टाने मागे बसले. महिरावणीजवळ गाडी दमू लागली, तशी पाठीवर थाप पडली. "थांब. ओढत नेऊ नकोस. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन जाम होईल. आता झाकण उघड."

झाकण फिरवताच टाकीने 'सूं' करून हवा आत ओढली. पहिल्याच किकला गाडी बोलू लागली. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचे, तर त्याच्या जागी वरून हवा यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. चकाकीच्या मसाल्याने नेमके तेच बुजले होते. टाकी काठोकाठ भरली की वर हवेला जागा थोडी, म्हणून श्वास लवकर कोंडे. मिस्त्री दर वेळी पेट्रोल आहे का पाहायला झाकण उघडत, म्हणून दुकानात गाडी शहाणी! घरी येऊन अण्णांनी सुईने छिद्र मोकळे केले. खर्च शून्य. त्याआधी कॉइलला किती गेले, ते इथे लिहीत नाही; हा अंक सौभाग्यवतीही वाचतात.

तेव्हा वाचकहो, गाडी थांबली की आधी फुकटचे उपाय करावेत: पेट्रोलचा कॉक, नळी, झाकण, प्लग, पैशाचे मागून. आणि घरात जुने माणूस असेल तर त्याला सर्वांत आधी विचारावे.

संध्याकाळी गिऱ्हाईक आले. मी शब्द जुळवत होतो, तोवर अण्णाच खाली उतरले. त्यांनी त्या गृहस्थांच्याच जुन्या स्कूटरचा प्लग काढायला लावला. "काळा आणि ओला. तेल जास्त घालता. बिस्किटाच्या रंगाचा दिसला पाहिजे." गृहस्थ तासभर बसले, चहा झाला, आणि गाडीचा विषय न काढताच ते गेले.

आता दर रविवारी कुणी ना कुणी आपली गाडी घेऊन दाराशी उभे असते. अण्णा पहिला प्रश्न तोच विचारतात: "एकदम, की हळूहळू?"