रुमाल टाकला म्हणून पाणवठा तुमचा होत नाही

मे महिन्यात नागझिरा अभयारण्यातल्या पाणवठ्यावर सकाळी जी जिप्सी पहिली पोचते, ती पुष्कळदा अशी आडवी लागते की मागून येणाऱ्याला पाणी दिसावं एवढीही फट उरत नाही. इंजिन बंद. पुढच्या बाकावरच्या एकाने हातभर लांबीची लेन्स दांडीवर टेकवलेली, मागच्या बाकावर दोघे चक्क उभे. थोड्या वेळाने मागे आणखी तीन गाड्या येतात आणि त्यांतली माणसं पाणवठ्याऐवजी पुढच्यांच्या टोप्या बघत बसतात. कुणी हळूच म्हणालं, "भाऊ, गाडी थोडी मागे घ्या ना जी," की उत्तर तयार असतं: आम्ही आधी आलो.

या उत्तराशी माझं भांडण आहे. पण खंडन करायचं तर समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडावी, हा जुना दंडक. म्हणून आधी तीच मांडतो.

ही मंडळी पहाटे अंधारात उठलेली असतात. साकोलीहून किंवा गोंदियाहून निघून पिटेझरीच्या, चोरखमाऱ्याच्या नाहीतर मंगेझरीच्या गेटवर रांगेत पहिली उभी राहतात. उशिरा उठणाऱ्याला तेच फळ मिळणार असेल तर लवकर उठायचं कशाला? दुसरी गोष्ट याहून वजनदार आहे. 'जो आधी येईल त्याला' हा आपल्या देशातला बहुधा एकमेव नियम असा, की जो जात विचारत नाही, हुद्दा विचारत नाही, खिसा चाचपत नाही. तो मोडा, की त्याच्या जागी वशिला येतो. कुणा साहेबांचे पाहुणे येतात आणि रांग बाजूला होते. आणि तिसरी: जागा रिकामी होती, आम्ही घेतली. कुणाच्या ताटातलं ओढलं नाही.

आता उत्तर. रांग कोण आधी हे ठरवते. किती वेळ हे ठरवत नाही. तिकिटाच्या खिडकीशी पहिला आलेला तिकीट घेतो आणि बाजूला होतो. तो खिडकीला पाठ टेकून "आधी आलो" म्हणत तासभर उभा राहिला तर मागचे त्याला काय म्हणतील, ते छापता येणार नाही. पाणवठ्यावर पहिल्या गाडीला पहिली नजर मिळाली, इथे तिचं पहाटे उठणं फिटलं. पुढचे दोन तास तिच्या नावावर कुणी केले?

एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाचा दाखला इथे हटकून दिला जातो. नागझिऱ्यात आम्ही गाडी लावतो तो म्हणे त्याच रुमालाचा मोठा अवतार. रुमालाला नावं ठेवणारे शहाणे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. स्टँडवर गाडी लागली, दाराशी झुंबड, कडेवर पोर आणि हातात पिशवी घेतलेली बाई खाली उभी. तिच्या नवऱ्याने खिडकीतून रुमाल टाकला तर तो योग्यच टाकला. तो रुमाल सांगतो की माणूस दोन मिनिटांत येतो आहे, दारात अडकला आहे. कंडक्टरने घंटी दिली आणि रुमालाचा धनी उगवला नाही, तर तोच रुमाल उचलून दुसरा बसतो आणि सगळी एसटी त्याच्या बाजूने असते. रुमालाची मुदत सगळ्यांना न सांगता ठाऊक असते. मुंबईच्या लोकलमध्ये तर वस्तूही लागत नाही. "कुठे उतरणार?" एवढं विचारून माणूस समोरच्याची जागा आपल्या नावावर करून घेतो, आणि तीन जणांच्या बाकावर चौथ्यासाठी "सरका जरा" म्हटलं की सरकावं लागतं. या दोन्ही रीती गर्दीतून आल्या आणि गर्दीला सोसवतात, कारण दोन्हींत येणारा माणूस खरा असतो आणि वेळ थोडा असतो.

हे दोन निकष सुटले की काय होतं, ते आपल्याकडे कोकणच्या बोटींवर दिसलं आहे. भाऊच्या धक्क्यावरून पणजीकडे जाणाऱ्या 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींत डेकचं तिकीट म्हणजे फक्त वर चढण्याचा परवाना. जागा ज्याने वळकटी उलगडली त्याची. मग चार पैसे हाताशी असलेला हमालाला आधी वर पाठवी. हमाल वाऱ्याच्या बाजूला सतरंजी पसरून ठेवी, आणि शेठ सावकाश, विडा चघळत, चढे. ज्याच्याजवळ हमालापुरतेही पैसे नसत तो रात्रभर शिडीजवळ, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत. म्हणजे 'आधी येईल त्याला' हा गरिबाचा नियम सतरंजीने गुपचूप पैसेवाल्याच्या हाती दिला. वस्तू जागा धरू शकते असं एकदा मान्य केलं, की जागा धरणं हे विकत घ्यायचं काम होऊन बसतं. खिसा न चाचपणारा नियम म्हणून ज्याची एवढी थोरवी गायली, तो असा खिशातच जातो.

नागझिऱ्यात सतरंजीच्या ऐवजी बक्षिसी असते. "पुढे लाव, आणि हलू नकोस, तुझं बघून घेतो." ड्रायव्हर पोटासाठी गाडी चालवतो, लावतो पुढे.

जहाजांवर तर याचं शास्त्रच झालं आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवर डेकवरची आरामखुर्ची सफरीपुरती भाड्याने मिळे आणि तिला नावाची चिठ्ठी लागे. उघड व्यवहार, आवडो न आवडो, फसवणूक नाही. आताच्या क्रूझवर खुर्च्या फुकट, म्हणून सकाळी सहाला टॉवेल, एक पुस्तक आणि एक चप्पल ठेवून लोक पुन्हा झोपायला जातात आणि दुपारी उगवतात. शेवटी काही कंपन्यांचे कर्मचारी रिकाम्या खुर्चीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवू लागले. अर्धापाऊण तास कुणी फिरकलं नाही, की सामान उचलून बाजूला ठेवायचं. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझवर आता आपलीही कुटुंबं दिसतात आणि टॉवेलाची विद्या त्यांनीही लगेच आत्मसात केली आहे. आपण या बाबतीत मागासलेले कधीच नव्हतो.

यावर जंगलात हमखास ऐकू येणारा एक प्रतिवाद आहे, आणि तो चतुर आहे. वाघ काय करतो? झाडाच्या बुंध्यावर मूत्राची पिचकारी मारतो, खोडावर नखं ओढतो आणि निघून जातो. तो तिथे नसताना ती जागा त्याचीच असते. निसर्गालाच मान्य असलेल्या रुमालावर तुम्ही कोण बोलणार?

दाखला खरा आहे, फक्त अर्धाच वाचला आहे. तो वास उडतो. वाघाला पुन्हा पुन्हा त्या वाटेने जाऊन खूण ताजी करावी लागते. नाही गेला तर दुसरा येतो. आणि खूण पुरली नाही तर हिशेब दाताने चुकता होतो. २०२४ च्या सप्टेंबरात नागझिऱ्यात टी-९ हा वाघ मेलेला सापडला, तेव्हा दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत गेला असावा, हाच प्राथमिक अंदाज निघाला. हा कायदा ज्यांना हवा त्यांनी पुरा घ्यावा. लेन्सवाले काका पुढच्या बाकासाठी जीव द्यायला तयार असतील तर माझी हरकत नाही.

याच्या उलट बाजूचे भाबडेही असतात. त्यांच्या मते प्राणी पाण्यावर कसे शिस्तीत, एकामागून एक येतात. माणसाने त्यांच्याकडून शिकावं. साफ खोटं. भर उन्हात वाघ पाण्यात बसतो तो बहुधा पाठमोरा सरकत, शेपटी आधी भिजवत, आणि मग मनात येईल तोवर उठत नाही. तोवर चितळं झाडोऱ्याच्या कडेला कान टवकारून उभी राहतात, ती सभ्यतेने नव्हे, भीतीने. रानकुत्र्यांची टोळी आली की सांबराने पाणी सोडलेलं बरं. रानगव्यांच्या कळपाला वाट विचारायची कुणाची छाती नाही. पाणवठ्यावर बळी तो कान पिळी, बस. रांग, पाळी, "तुम्ही बसा, मी उभा राहतो" हे सगळं माणसाने स्वतः काढलं आहे, आणि म्हणूनच ते जिप्सीतल्या माणसाकडून मागायचं.

आता 'आम्ही आधी' या शब्दांचा शेवटपर्यंत माग काढू. नागझिरा अभयारण्य जाहीर झालं १९७० साली. लेखक व्यंकटेश माडगूळकर तिथे राहून गेले आणि 'नागझिरा' हे पुस्तक लिहिलं. निसर्ग अभ्यासक किरण पुरंदरे पुढे तिथे चारशे दिवस राहिले. आधी येण्यावर हक्क ठरायचा तर सकाळच्या फेरीला आलेल्यांचा नंबर यांच्यामागे बराच लांब लागेल. पण खरे आधी आलेले हेही नव्हेत. नागझिरा आणि नवेगाव मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या नवेगावकडच्या भागात कवलेवाडा, कालीमाती, झनकारगोंदी ही गावं होती. घरं होती, शेतं होती, मोहाची झाडं कुणाची कोणती हे ठरलेलं होतं. ती माणसं उठवून श्रीरामपूरला बसवली. पिढ्यान्‌पिढ्या आधी असलेल्यांना आपण वाघासाठी उठा म्हणालो, आणि त्यातून मोकळ्या झालेल्या जंगलात पाऊण तास आधी पोचलेला पर्यटक मागच्या गाडीला सांगतो की आम्ही आधी आलो! या एका वाक्यावर ज्यांचा खरा अधिकार होता त्यांच्याकडूनच ते आपण काढून घेतलं आहे.

कुणाचं काही बिघडत नाही, हा तिसरा मुद्दा राहिला. त्याला शेजारच्या उमरेड-कऱ्हांडल्याने उत्तर दिलं आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव भागात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते. दोन्ही बाजूंनी जिप्स्या येऊन भिडल्या, कारण प्रत्येकीला पुढची जागा हवी होती आणि मिळालेली सोडायची नव्हती. वाघिणीला वाट उरली नाही. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हर निलंबित झाले. पाणवठ्यावरही तेच घडतं, फक्त इतकं उघड दिसत नाही. चार गाड्या दोन तास पाण्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसल्या, की लाजाळू जनावर आडोशाला थांबून राहतं आणि तहानलेलं परत फिरतं. ते आपल्याला दिसलं नाही, म्हणून काही बिघडलं नाही, असा आपला हिशेब.

मग करायचं काय? जागा धरूच नये, असं मी म्हणणार नाही. गेटवर गाडी भरताना म्हाताऱ्या आईसाठी बाकाची कड राखणं, मुलाला घेऊन मोरीकडे गेलेल्या बाईची पिशवी न हलवणं, हे जागा धरणंच आहे आणि ते व्हायलाच हवं. माझा आग्रह इतकाच, की माणूस येतोय म्हणून वस्तू ठेवावी, माणसाऐवजी नव्हे. आणि जिथे सगळेच येऊन बसले आहेत तिथे वेळ वाटून घ्यावा. रेल्वेने हे केव्हाच केलं आहे. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढ्यापुरता. एरवी खालचा बाक तिघांचा. आरक्षण असलेल्या माणसालाही दिवसा पाय आखडून बसावं लागतं आणि त्यात आपला अपमान झाला असं कुणाला वाटत नाही.

जिप्सीत दोन बाक, तीन-तीन माणसं. मधे बसणाऱ्याला दोन्हीकडचे खांदे दिसतात. चहाला गाडी थांबली की पुढचे मागे, मधला कडेला. यासाठी वनखात्याच्या परिपत्रकाची गरज नाही. पाणवठ्यावर मागे गाडी आली, की पुढच्याने दहापंधरा मिनिटांत सरकावं, आणि सरकताना काय दिसलं ते मागच्यांना सांगावं. वाघ समोर बसलेला असेल तर? तेव्हाच खरी परीक्षा. ज्यांनी डोळे भरून पाहिला त्यांनी मागे व्हावं, मात्र सावकाश, आणि जनावर अस्वस्थ दिसलं तर कुणीच हलू नये. छायाचित्रकार मित्र यावर चिडतात. हवा तो क्षण पाळी बघून येत नाही, म्हणतात. येत नाही हे खरं, पण मागच्या गाडीतल्या आठ वर्षांच्या पोरीसाठीही तो पुन्हा येणार नसतो, आणि तिच्याजवळ लेन्स नाही म्हणून तिचा क्षण हलका ठरत नाही.

बुद्धपौर्णिमेच्या मचाणांवर हा तंटा कमी होतो. पूर्वी त्या रात्री प्राणी मोजत. आता वाघांची मोजदाद कॅमेरा ट्रॅपने होते आणि मचाणावरची रात्र शुल्क भरून अनुभवापुरती मिळते. एकदा वर चढलात की सकाळपर्यंत उतरायचं नाही, त्यामुळे धरायला काही उरत नाही. ओढाताण होते ती आधी, चांगला पाणवठा कुणाला यावरून. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात, साहेबांच्या पाहुण्यांच्याही त्याच डब्यात.

राहिला प्रश्न दोषाचा. गाडी आडवी लागली की पर्यटक गाइडकडे बोट दाखवतो, आणि निलंबनही गाइड-ड्रायव्हरचंच होतं. हा गाइड जंगलाच्या कडेच्या गावचा, आठवड्यात किती फेऱ्या वाट्याला येतील यावर घर चालवणारा. "पुढे लाव" हे त्याला सांगितलं कुणी? बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्याच्याही नावापुढे शेरा पडायला हवा, आणि पुढचं बुकिंग करताना तो दिसायला हवा. त्याहून सोपी गोष्ट आपल्या हातातच आहे: गेटमधून आत शिरतानाच गाइडला सांगून टाकावं की वाघ दिसो न दिसो, बक्षिसी ठरलेली आहे.