टोपलीतला नाग आणि पाटावरचा नाग

श्रावण शुद्ध पंचमीस आपल्या घरोघरी नागाची पूजा होते. पाटावर चंदनाने किंवा हळदीने नागांच्या आकृती काढावयाच्या, लाह्या, दूर्वा, आघाडा वाहावयाचा, दुधाचा नैवेद्य दाखवावयाचा. त्या दिवशी चिरावयाचे नाही, तळावयाचे नाही, शेतात नांगर घालावयाचा नाही. म्हणून पुरणाची दिंडे उकडावयाची. गोव्याकडच्या घरांत हळदीच्या पानांतल्या पातोळ्या होतात. बेळगाव भागातील आमच्या वाचकांचे कन्नड शेजारी त्याच दिवशी पारावरच्या दगडी नागशिळेवर दूध घालतात. बडोद्यात राहणाऱ्यांना तर ही पंचमी दोनदा भेटते. आपली शुद्ध पक्षातली आणि गुजराती शेजारणींची ‘नागपांचम’ वद्य पक्षातली. माळव्यातील मंडळी उज्जैनला जातात, कारण महाकालेश्वराच्या शिखरमजल्यावरील नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून तेवढ्या एका दिवसापुरते उघडते.

या साऱ्या रीतींत एक गोष्ट सहज नजरेस येते. नाग चंदनाचा आहे, मातीचा आहे, दगडाचा आहे. जिवंत नाग कोठेही लागत नाही. तो आला तो दारावर पुंगी वाजली म्हणून, वेताच्या टोपलीतून. आता त्याच्या जोडीस आणखी एक नाग नव्हे, पण साप येऊ लागला आहे. तो हौशी तरुणांच्या गळ्यात असतो. हौसेसाठी असो वा धर्मासाठी, सापास माणसांच्या गर्दीत आणावे काय, हा प्रश्न आम्हांस वाचकांच्या पत्रांतून वरचेवर विचारला जातो. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो : आणू नये. मात्र असे म्हणताना दुसऱ्या बाजूस काही बोलण्यासारखे नाही, असा आमचा दावा नाही. ते पुष्कळ आहे.

जिवंत नागाच्या पूजेचे नाव निघाले की सांगली जिल्ह्यातील शिराळा आठवतोच. बत्तीस गावांचे मुख्य ठाणे म्हणून हे बत्तीस शिराळा. येथील कथा अशी सांगतात की, गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या दारी उभे राहिले. घरातील गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून भिक्षा आणावयास तिला उशीर झाला. नाथांनी विचारले, मातीचा पुजतेस, जिवंत पुजशील काय? ती हो म्हणाली आणि तेथून जिवंत नागाची पूजा सुरू झाली. पुढे या पूजेचा मोठा उत्सव झाला. पंचमीच्या आधीपासून शिवारांत नाग धुंडाळावयाचे, मडक्यांत जपून ठेवावयाचे, पंचमीस अंबाबाईच्या दर्शनास न्यावयाचे, मिरवणूक काढावयाची आणि नंतर जेथून आणले तेथे सोडून द्यावयाचे. कोणाचा नाग लांब, कोणाचा फणा उंच, यांच्या स्पर्धाही लागत. शिराळकरांविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ते नागाचे दात पाडीत नसत. साप हाताळण्याचे त्यांचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांचे होते आणि नागाविषयी त्यांच्या मनात असलेला भाव खोटा नव्हता. शिराळ्याची पंचमी लहानपणी पाहिलेली माणसे बेळगावकडे आजही भेटतात आणि तिच्याविषयी बोलताना त्यांचा स्वर बदलतो.

तथापि १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे, बाळगणे व त्याचे प्रदर्शन करणे बेकायदेशीर ठरविले. बरीच वर्षे कायदा पुस्तकात आणि उत्सव रस्त्यावर, असे चालले. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ साली न्यायालयाने जिवंत नाग पकडून पुजण्यास स्पष्ट नकार दिला. त्यानंतर शिराळ्यात प्रतिमेची पूजा होऊ लागली. २०२५ साली केंद्र शासनाने लोकशिक्षण व पारंपरिक ज्ञानाचे जतन एवढ्या हेतूने काही निवडक शिराळकरांस नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली. करमणुकीस व स्पर्धेस मात्र वाव ठेवला नाही. गावकऱ्यांना हे अपुरे वाटते आणि प्राणिमित्रांना अती वाटते. आम्हांस त्या मूळ कथेतला मातीचा नाग आठवतो. नाथ दारी येण्यापूर्वीही त्या गृहिणीची पूजा चालूच होती. ती पूजा उणी होती, असे कथाही म्हणत नाही.

शिराळ्याहून गारुड्याच्या टोपलीकडे वळले की चित्र अगदीच निराळे होते. तेथे भाव नाही, पोट आहे. नागपंचमीपूर्वी पकडलेल्या नागाचे विषदंत उपटलेले असतात. कित्येकदा तोंडही दोऱ्याने शिवलेले असते. त्यास दिवसेंदिवस उपाशी आणि तहानलेला ठेवतात. मग आपण वाटी पुढे केली की तो दुधास तोंड लावतो आणि आपण कृतार्थ होतो. साप हा मांसाहारी प्राणी. उंदीर, बेडूक, पाली हे त्याचे अन्न. दूध त्याच्या जन्मात नाही आणि ते त्यास पचत नाही. कोरड्या पडलेल्या घशास जे ओले मिळेल ते तो ओढतो आणि पुष्कळदा ते फुप्फुसांत जाऊन नंतर मरतो. त्याच्या डोक्यावर आपण हळदकुंकू वाहतो, ते डोळ्यांत जाते. सापास पापण्या नसतात, हे आपल्या ध्यानी येत नाही.

पुंगीचेही तसेच. सापास बाहेरचा कान नाही. जमिनीची थरथर त्यास जबड्यावाटे कळते, हवेतून येणारा खर्जातला आवाजही काही अंशी जाणवतो. पण तो डोलतो ते संगीतावर नव्हे. समोर हलणाऱ्या पुंगीच्या टोकावर तो नजर ठेवून असतो, कारण ते आपल्यावर येत आहे असे त्यास वाटते. फणा काढणे ही नागाची भीतीची मुद्रा आहे. ज्यास आपण नागाचे नृत्य म्हणत आलो, ते घाबरलेल्या जनावराचे सावध राहणे आहे.

गारुड्यास हाकलून द्यावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. माळव्यात, गुजरातेत, राजस्थानात पिढ्यान्‌पिढ्या याच कामावर जगलेल्या जमाती आहेत आणि कायद्याने त्यांचा धंदा काढून घेताना दुसरा हाती दिला नाही. जेथे दिला तेथे फळ चांगले आले. तमिळनाडूत साप पकडणाऱ्या इरुळा लोकांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. ते परवान्याने साप पकडतात, विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरची लस तयार होते. राजस्थानच्या कालबेलियांनी टोपली ठेवून आपले नृत्य व गाणे पुढे आणले. २०१० साली युनेस्कोने त्यास अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. म्हणून पंचमीस दारी गारुडी आला तर आमच्या भगिनींनी टोपली उघडू देऊ नये, आणि त्या माणसास पीठ, तांदूळ, जुना कपडा जे द्यावयाचे ते द्यावे. टोपली उघडल्याबद्दल दिलेले नाणे पुढच्या वर्षी आणखी एका नागास टोपलीत घालते.

आता हौशी तरुणांकडे येऊ. शहरांतून ‘बॉल पायथन’ नावाचा एक लहान अजगर पाळण्याची टूम निघाली आहे. पश्चिम आफ्रिकेतला हा साप, दोन-तीन हात लांब, बिनविषारी, स्वभावाने गरीब. गळ्यात घालून उपाहारगृहात जाणे, बागेत छायाचित्रे काढून घेणे, कोणाच्या वाढदिवसास त्यास नेणे असे प्रकार चालतात. एका मराठी मंडळाच्या कार्यवाह बाईंनी आम्हांस कळविले आहे की, मंडळातील एका सभासदाचा मुलगा श्रावणातील कार्यक्रमात आपला अजगर आणू इच्छितो. मुलांची भीती जाईल, असे त्याचे म्हणणे आहे. मुलगा सालस आहे, सापाची निगा उत्तम ठेवतो, असेही बाई लिहितात. आमचा त्यावर विश्वास आहे.

पण त्या सापाचे नावच पाहावे. भय वाटले की तो डोके आत घेऊन अंगाची गच्च गुंडाळी करतो, चेंडूसारखा होतो, म्हणून त्यास ‘बॉल’ म्हणतात. ज्याचे नाव त्याच्या भित्रेपणावरून पडले, त्यास लाउडस्पीकर लावलेल्या सभागृहात, शंभर मुलांच्या हातांतून फिरविणे बरे काय? तो निशाचर आहे, दिवसा बिळात दडून राहणारा आहे. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. भोवतालच्या हवेइतकेच त्याचे शरीर तापते वा निवते. बंद मोटारीत तो थोड्या वेळात होरपळू शकतो आणि पंख्याच्या वा वातानुकूलित थंडाव्यात गारठतो. तो गळ्यात निमूट बसतो ते आवडते म्हणून, असे मालकास वाटते. कुत्रा शेपूट हलवितो, मांजर गुरगुरते. सापापाशी आनंद सांगण्याचे साधन नाही आणि त्रास सांगण्याचेही फारसे नाही. म्हणून त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो.

माणसांच्या बाजूनेही विचार करावा लागतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर ‘साल्मोनेला’ हे आतड्याचे विकार करणारे जंतू पुष्कळदा असतात. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांना ते विशेष बाधतात. साप हाताळल्यावर साबणाने हात धुतले पाहिजेत. कार्यक्रमानंतर अल्पोपाहाराच्या बशा फिरतात तेथे हे कोण पाहणार? शिवाय सभागृहात अशी एखादी आजी असतेच, जिच्या घरचे माणूस शेतात सर्पदंशाने गेलेले आहे. या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे वर्षास सुमारे ५८,०००. तिला न विचारता तिच्यासमोर साप काढणे हा धीटपणा नव्हे, अविचार आहे. उद्यानात, रस्त्यावर, रेल्वेच्या डब्यात हेच लागू. ज्याने साप पाहण्याचे कबूल केलेले नाही, त्यास तो दाखविण्याचा हक्क मालकास कोठून आला?

कायद्याचेही थोडे. नाग, धामण, मांडूळ, अजगर, कोणताही देशी साप घरात पाळता येत नाही. (मांडुळास दुतोंड्या समजून गुप्तधनाच्या लोभाने विकणारे व घेणारे आजही सापडतात, त्यांच्याविषयी न लिहिलेले बरे.) परदेशी सापांपैकी ज्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे, त्यांची नोंदणी कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर शासनाकडे करावी लागते, बॉल पायथन त्यांतच मोडतो. तेव्हा मंडळाने त्या मुलास प्रथम नोंदणीचा कागद आहे काय, हे विचारावे.

मुलांची भीती घालविण्याचा त्याचा मुद्दा मात्र आम्हांस मोलाचा वाटतो. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी जानेवारी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसह ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले. साप डिवचल्यावाचून चावत नाही, हे लोकांस पटावे, एवढाच हेतू. असंख्य माणसांनी ते पाहिले आणि पुष्कळांचे मत बदलले. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. हेही सापाचे प्रदर्शनच नव्हे काय, असे कोणी विचारील. होय, पण त्यात साप कोणाच्या गळ्यात नव्हते, हातोहात फिरत नव्हते. माणूस त्यांच्यात जाऊन स्वस्थ बसला होता आणि पाहणारे काचेपलीकडे होते. त्या धड्याचा अर्धाच भाग पुढे उचलला गेला. आज गावोगावी स्वतःस सर्पमित्र म्हणविणारे तरुण नागाचे चुंबन घेताना, शेपटीस धरून मुलांपुढे नाचविताना दिसतात आणि त्यांतले कित्येक जीव गमावतात. ते पाहून मुलाची भीती जाते हे खरे. पण तिच्या जागी जे येते ते ज्ञान नसते. पुढे शेताच्या बांधावर फुरसे दिसले, की तेच मूल हात पुढे करण्याचा संभव असतो.

म्हणून कार्यवाह बाईंना आमचे सुचविणे असे. त्या मुलास कार्यक्रमात अवश्य बोलवावे आणि अर्धा तास बोलू द्यावे. अजगराने टाकलेली कात त्याने आणावी. कात पाहून मुले जितकी हरखतात तितकी साप पाहूनही हरखत नाहीत आणि ती हाती घेतल्यावर हात धुतले की झाले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांची मोठी चित्रे भिंतीवर लावावीत, शेजारी धामण, दिवड, कवड्या या बिनविषारींची लावावीत आणि मण्यार व कवड्या यांत माणसे कशी फसतात, ते त्याने समजावून सांगावे. दंश झाल्यास हात वा पाय हलू न देता माणसास सरळ सरकारी रुग्णालयात न्यावे, जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, हे आजींपासून नातवंडांपर्यंत सर्वांना ऐकवावे. मुलांकडून शाडूचे नाग करवून घ्यावेत. पंचमीस त्यांचीच पूजा होईल. अजगराने त्या सायंकाळी आपल्या पेटीत, अंधारात झोपावे. त्यास पशुवैद्याकडे न्यावे लागेल तेव्हा मऊ कापडी पिशवीत, आणि ती पिशवी हवेची भोके असलेल्या झाकणाच्या डब्यात घालून न्यावे, वाटेत कोणासही काढून दाखवू नये. इतके त्या मुलाने पाळले तर त्याच्या हौसेविषयी आमची काही तक्रार नाही.