रीलमधला 'हसरा' लेपर्ड गेको घरी आणायचाय? मग प्राण्याच्या आधी हे सगळं बघा

पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, मुळ्यासारखी जाडजूड शेपूट आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. कुणाच्या तरी तळहातावर बसून तो सावकाश डोळे मिचकावतो आणि खाली कमेंटची रांग लागते. 'कुठे मिळेल?', 'किती क्यूट', 'मला पण पाहिजे'.

हा लेपर्ड गेको. आपल्या भाषेत सांगायचं तर पालीच्या गोतावळ्यातला. ज्या घरांत पाल दिसली की झाडू शोधला जातो, त्याच घरांतली पोरं आता पाल विकत घेण्यासाठी पैसे साठवतायत. हा बदल गमतीशीर आहे, पण तो रीलवर दिसतो तेवढा सोपा नाही.

सुरुवात त्या हसण्यापासूनच करू. तो हसत नसतो, त्याच्या जबड्याची ठेवणच तशी असते. तो घाबरलेला असला, आजारी असला किंवा उपाशी असला तरी चेहरा तोच राहतो. ज्या प्राण्याचा चेहरा काहीच सांगत नाही त्याला सांभाळायचं म्हणजे शेपूट, वजन, कात, शी आणि टाकीतलं तापमान बघून अंदाज बांधावे लागतात.

हा प्राणी नेमका आहे कुठला?

शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. एडवर्ड ब्लिथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये त्याची नोंद केली, ती आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या सॉल्ट रेंज डोंगररांगेतून. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग हे त्याचं मूळ घर. खडकाळ, कोरडा मुलूख. दिवसा दगडाखाली दडून राहायचं आणि संध्याकाळी किडे शोधत बाहेर पडायचं, असा त्याचा दिनक्रम.

घरातल्या पालीपेक्षा तो दोन बाबतीत वेगळा. एक म्हणजे त्याला पापण्या असतात, म्हणून तो डोळे मिटू शकतो. दुसरं म्हणजे त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे तो भिंतीवर किंवा काचेवर चढू शकत नाही. जाड शेपटीत चरबी साठवलेली असते. धोका वाटला की ती शेपूट तुटून पडते आणि नंतर नवी येते, पण पहिल्यासारखी सुबक नाही.

अमेरिका आणि युरोपात गेली चार-पाच दशकं त्याची बंदिस्त पैदास चालू आहे. रीलमध्ये दिसणारे पांढरे, नारिंगी, लालसर गेको त्याच पैदाशीतले, जंगलातले नाहीत. पहिल्यांदा सरीसृप पाळणाऱ्याला तिकडे हाच प्राणी सुचवला जातो, कारण तो आकाराने लहान आणि स्वभावाने शांत असतो. इथपर्यंत सगळं खरं आहे. अडचण सुरू होते ती तो रील पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात बघितला जातो तेव्हा.

'एक्झॉटिक आहे, कायदा लागत नाही' हे खरं का?

हे वाक्य ऐकलं की मनात शंकेची पाल चुकचुकलीच पाहिजे.

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. आधीची सहा परिशिष्टं आता चार झाली. पहिल्या दोन परिशिष्टांत संरक्षित प्राणी आहेत, तिसऱ्यात वनस्पती. चौथं परिशिष्ट आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराच्या यादीतल्या प्रजातींचं. या चौथ्या परिशिष्टातला जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर होते.

काही विक्रेते अजूनही 'नंतर डिक्लेअर करून टाका' असं सांगतात. ही आठवण २०२० सालची आहे. तेव्हा केंद्राने साइट्स यादीतले परदेशी प्राणी जवळ असणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. त्या काळात स्वतःहून माहिती दिली तर प्राणी कुठून आणला याचे कागद मागितले जाणार नव्हते. ती मुदत कधीच संपली.

आता लेपर्ड गेकोचा पेच असा की त्याला सरळ 'परदेशी' म्हणताच येत नाही. त्याचं मूळ क्षेत्र भारताच्या वायव्य टोकाला भिडतं आणि त्याची सख्खी भावंडं तर थेट आपल्याकडे राहतात. गुजरात आणि महाराष्ट्रात युब्लेफॅरिस फस्कस आढळतो. सातपुड्याच्या डोंगररांगेतून २०१४ मध्ये युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही नवी प्रजाती नोंदवली गेली. २०२२ मध्ये पूर्व घाटाच्या बाजूने आणखी एक नोंदवली गेली, युब्लेफॅरिस पिक्टस. दुकानातल्या डबीवर नुसतं 'लेपर्ड गेको' लिहिलेलं असतं, तेव्हा आत यातला नेमका कोण आहे आणि तो कुठून आला हे नवख्या माणसाला ओळखता येत नाही.

म्हणून खरेदीआधी तीन कागद मागायचे. पावतीवर प्राण्याचं शास्त्रीय नाव. दुकानाची राज्य पशु कल्याण मंडळाकडची नोंदणी, जी २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार सक्तीची आहे. आणि प्राणी किंवा त्याचे आईबाप भारतात कायदेशीर मार्गाने आल्याचा पुरावा, कारण जिवंत प्राणी आयात करायला विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी आणि क्वारंटाइन तपासणी लागते. हे हातात घेऊन वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात लेखी विचारायचं. विक्रेता कागदाचं नाव काढताच 'भाऊ, टेन्शन नको घेऊ' म्हणाला किंवा प्राणी बसच्या पार्सलने पाठवतो म्हणाला, तर तिथेच विषय संपवलेला बरा. बहुतेक वेळा तो तिथेच संपतो, आणि हे आधीच सांगितलेलं चांगलं.

कागद नसलेले प्राणी येतात कुठून, याची झलक विमानतळांवर अधूनमधून दिसते. जून २०२५ च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट वायपर साप सापडले. बॅगेत कोंबलेल्या प्राण्यांपैकी प्रवासात किती मरतात याचा हिशेब ग्राहकाला कुणी देत नाही.

जंगलातून उचलण्याचं काय होतं ते लेपर्ड गेकोच्या एका दूरच्या नातलगाने भोगलंय. चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या गेकोची १९९९ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, तो सापडण्याचं ठिकाण छापून आलं आणि काही वर्षांतच पकडणाऱ्यांनी ती जागा साफ केली. म्हणूनच २०१५ मध्ये त्याच गटातल्या दोन नव्या प्रजाती नोंदवताना संशोधकांनी नेमकं ठिकाण जाहीरच केलं नाही. त्यामुळे ट्रेकला दगडाखाली ठिपक्यांचा गेको दिसला तर फोटो जरूर काढा, पण रीलवर लोकेशन टाकू नका. त्याला उचलून आणण्याचा तर प्रश्नच नाही. आणि घाबरून मारूही नका. अनेक ठिकाणी त्याला जहाल विषारी समजून ठेचलं जातं, प्रत्यक्षात त्याला विष नसतं.

टाकी, आणि टाकीतला उन्हाळा

समजा कागद पक्के आहेत. किंवा वाचणारा लंडन, न्यू जर्सीकडे राहणारा मराठी माणूस आहे, जिथे बंदिस्त पैदाशीचे गेको उघडपणे मिळतात. (ऑस्ट्रेलियात मात्र परदेशी सरीसृप घरी पाळायला बंदी आहे आणि अमेरिकेतल्या हवाईतही लेपर्ड गेको चालत नाही.) मग तयारीला लागायचं.

मोठ्या गेकोची लांबी २० ते २५ सेंटिमीटर भरते. त्याच्यासाठी साधारण तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकी हवी. एका टाकीत एकच. दोन नर ठेवले तर एकमेकांना फाडतात, आणि 'सोबत हवी' ही कल्पना माणसाची आहे, गेकोची नाही.

टाकीचं एक टोक उबदार आणि दुसरं थंड, हे सगळ्यात महत्त्वाचं. उबदार बाजूला जमिनीचं तापमान ३२ ते ३४ अंश, थंड बाजूला २४ ते २६. त्याच्या शरीराला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. खाल्लेलं पचवायला त्याला गरम दगडावर पोट टेकावं लागतं आणि ऊब जास्त झाली की सावलीला जावं लागतं. दोन्ही बाजूंना लपायला जागा हवी. तिसरी एक ओलसर कपार हवी, डब्यात ओला टिश्यू किंवा शेवाळ घालून, कारण कात टाकताना ओलावा नसेल तर ती बोटांना आवळून राहते आणि बोटं गळून पडतात. जमिनीवर सुरुवातीला साधा किचन टिश्यू पुरतो. दुकानात मिळणारी रंगीत वाळू छान दिसते, पण ती पोटात जाऊन आतडी तुंबू शकतात.

हीट मॅट किंवा दिवा लावला तर थर्मोस्टॅट लागतोच. तो नसेल तर मॅट तापत राहते आणि गेको पोटाला भाजेपर्यंत तिथेच बसून राहतो. सोबत कमी तीव्रतेचा यूव्हीबी दिवा दिला तर हाडांना फायदा होतो.

परदेशी व्हिडिओ इथे आपल्याला फसवतात. ते सगळे ऊब कशी द्यायची ते शिकवतात, कारण त्यांच्या घरात थंडी असते. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात बंद खोलीत पारा ४० च्या घरात गेला की टाकीला थंड बाजू उरतच नाही, आणि गेकोला पळायला जागा नसते. तिथे खरा खर्च हीट मॅटचा नाही, दिवसभर चालणाऱ्या एसीचा आहे. दुपारी लाईट गेली तर काय, याचं उत्तर आधी तयार हवं. मुंबई-कोकणात अडचण उलटी. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर राहतो आणि या प्राण्याला कोरडी हवा लागते. हवा खेळती नसेल तर त्याला श्वसनाचा संसर्ग होतो.

घरच्यांना सांगायची खरी गोष्ट

गेको वरणभात खात नाही, फळं खात नाही, पनीर तर नाहीच. तो फक्त किडे खातो, तेही बहुतेक जिवंत. रातकिडे, मीलवर्म, ठरावीक जातीची झुरळं. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. म्हणजे घरात गेकोच्या टाकीसोबत किड्यांचाही एक डबा सांभाळावा लागणार, त्यांना भाज्या घालाव्या लागणार आणि रात्री रातकिड्यांची किरकिर ऐकावी लागणार. दर सहा महिन्यांनी पेस्ट कंट्रोल करणाऱ्या घरात हा विषय आईसमोर कसा काढायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

पेस्ट कंट्रोलचा मुद्दा फक्त विनोदाचा नाही. फवारणी झालेल्या घरातलं झुरळ किंवा अंगणात पकडलेला नाकतोडा खाऊन गेकोला विषबाधा होऊ शकते.

किड्यांत कॅल्शियम फार कमी असतं. त्यामुळे त्यांना कॅल्शियम पावडर लावून द्यावी लागते आणि यूव्हीबी नसेल तर डी३ जीवनसत्त्वही. हे चुकलं की हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात. हा आजार हळूहळू वाढतो आणि तो 'हसरा' चेहरा शेवटपर्यंत काही कळू देत नाही. म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घेऊन दर आठवड्याला वजन लिहून ठेवायचं. वजन घटत चाललं आणि शेपूट बारीक झाली तर थेट डॉक्टर.

पण कुठला डॉक्टर? आपल्याकडचे बहुतेक दवाखाने कुत्रा-मांजर आणि गाई-म्हशींचे. सरीसृप तपासणारा पशुवैद्य शहरात आहे का, हे फोन करून आधी विचारायचं. नसेल तर पहिला आजार हाच शेवटचा ठरू शकतो.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आणखी एक गोष्ट. सरीसृप निरोगी दिसले तरी त्यांच्या शीतून साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात. टाकीतली भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे.

रंग बघून निवडताना

बाजारात रंगांच्या जातींना 'मॉर्फ' म्हणतात आणि दुर्मीळ मॉर्फला जास्त भाव. त्यातल्या 'लेमन फ्रॉस्ट' या झगझगीत पिवळ्या-पांढऱ्या मॉर्फचा २०२१ मध्ये जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या जनुकीय बदलामुळे तो रंग येतो त्याचाच संबंध या गेकोंच्या त्वचेत होणाऱ्या गाठींशी, म्हणजे कर्करोगाशी निघाला. 'एनिग्मा' नावाच्या मॉर्फमध्ये तोल जाणं, गोल गोल फिरणं, भक्ष्यावर नेम न लागणं असे मज्जासंस्थेचे त्रास दिसतात. रीलमध्ये गोल फिरणारा गेको 'डान्स करतोय' असं कॅप्शन असतं, ते आता वेगळ्या नजरेने बघता येईल. पहिल्या वेळी साध्या ठिपक्यांचाच गेको घ्यावा.

आयुष्याचा हिशेबही करायचा. चांगला सांभाळला तर तो १० ते २० वर्षं जगतो. आज दहावीत असलेल्या मुलाने आणला तर त्याचं कॉलेज, पहिली नोकरी, बदली आणि कदाचित लग्नही हा गेको बघणार. हॉस्टेलला गेल्यावर रातकिडे कोण घालणार हे घरात आत्ताच बोलून घ्यावं. कंटाळा आला म्हणून टेकडीवर सोडून देणं हा पर्याय नाही. तिथे तो मरेल किंवा टाकीतले आजार आपल्या रानातल्या गेकोंना देईल.

हे सगळं जमणार असेल तर टाकी आधी लावा आणि दोन आठवडे रिकामीच चालवा. रोज सकाळी, भर दुपारी आणि रात्री दोन्ही टोकांचं तापमान लिहून ठेवा. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून किती वेळात काय होतं ते बघा. मग उन्हाळ्यात हाच प्रयोग पुन्हा करा, आणि तोपर्यंत विक्रेत्याला फोन करू नका.