घरात शिरलेले द्यूत

सप्तव्यसनांत द्यूत पहिले. खानदेशाचे धन कापूस. त्याच कापसाच्या न्यूयॉर्कहून येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई आणि त्यातूनच मटका जन्मला. महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आणला नाही. २०२३ मध्ये तो रद्दच केला. जळगाव-धुळ्याच्या खेळणाऱ्यास मांडवीवरील जहाजांसाठी गोवा गाठावा लागे. त्या प्रवासात विवेकाला अवकाश मिळे. मोबाईलने तोही हिरावला. शेजारी बसलेल्यालाही हार दिसेना. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तरीही पिढ्यांची पत कायद्यावर सोडता येत नाही. सायंकाळी रोजमेळ जुळवताना वडिलांनी मुलाच्या मोबाईलवरील जमाखर्चही मायेने विचारावा.