घाईतले शोमरोनी

दयाळू शोमरोन्याचा दाखला ऐकताना जखमीला पाहून बाजूने निघून गेलेल्या याजकाला व लेव्याला आपण सहज पाषाणहृदयी ठरवतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मात्र हा निवाडा इतका सोपा ठेवत नाही.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील सेमिनरीच्या ४० विद्यार्थ्यांना जॉन डार्ली व डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी छोटे भाषण देण्यासाठी एकेक करून शेजारच्या इमारतीत पाठवले. काहींचा विषय हाच दाखला होता. वाटेत दारापाशी एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत पडला होता. तो प्रयोगाचाच भाग. ज्यांच्याकडे सवड होती, त्यांतील ६३ टक्के मदतीस थांबले. 'तुम्हाला उशीर झाला आहे' असे ज्यांना सांगितले होते, त्यांतील अवघे १० टक्के! दाखल्यावर बोलायला निघालेले काहीजण तर त्या माणसाला ओलांडून गेले. (सेमिनरी प्रेस्बिटेरियन होती, पण त्यात आम्हा कॅथलिकांनी समाधान मानण्याजोगे काही नाही.)

चाळीस ही संख्या लहान आहे, हे मान्य. तरी आम्हाला अधिक बोलकी वाटते ती संशोधकांची एक नोंद: न थांबलेल्यांपैकी काहीजण पुढच्या इमारतीत पोहोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. ते निर्दय नव्हते. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जबाबदारीच त्यांना पुढे ढकलत होती.

आपल्या देशात या घाईला भीतीची जोड होती. अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेले तर पोलीस चौकशी व कोर्टाच्या फेऱ्या मागे लागतील, ही ती भीती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यात मदतकर्त्याला दाखल्यातील शोमरोन्याचेच नाव मिळाले आहे. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. २०२५ मध्ये केंद्राने बक्षिसाची रक्कम ५,००० वरून २५,००० रुपये केली.

आमच्या मते बक्षिसापेक्षा हे संरक्षणच मोलाचे, आणि ते अजून घरोघरी माहीत नाही. घाईवर मात्र कलम नाही. त्याच कायद्याने जखमीचा 'सुवर्णकाळ' ठरवला आहे, दुखापतीनंतरचा एक तास. कामावर निघालेल्या माणसाच्या घड्याळात नेमका तोच तास कोठे बसवायचा, हा प्रश्न अजून तसाच आहे.