मोठ्यांचा मापदंड, छोट्यांची फरफट

पुणे, विशेष प्रतिनिधी - मार्चअखेर जवळ आली, की भोसरी-चाकण पट्ट्यातील लघुउद्योगांतही कामगिरी मूल्यमापनाचे तक्ते भरले जाऊ लागतात. हे तक्ते बहुधा मोठ्या कंपन्यांकडून उसने घेतलेले असतात आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे.

जनरल इलेक्ट्रिकचे तत्कालीन प्रमुख जॅक वेल्श यांनी कर्मचाऱ्यांची २०, ७० आणि १० टक्के अशी प्रतवारी रूढ केली. तळाच्या १० टक्क्यांना घरचा रस्ता दाखविणारी ही पद्धत. मात्र २५ जणांच्या कारखान्यात १० टक्के म्हणजे अडीच माणसे! नोकरी जाते ती अख्ख्या माणसाची. मायक्रोसॉफ्टनेही सक्तीची प्रतवारी २०१३ मध्ये मोडीत काढली.

गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. बहुतेक दोष व्यक्तीचे नव्हे, तर व्यवस्थेचे असतात, असे ते मानत. झिजलेले टूल वा निकृष्ट कच्च्या मालामुळे रिजेक्शन वाढले, तरी शेरा ऑपरेटरच्याच नावावर पडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार स्थायी आदेशांची सक्ती ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच आहे. साहजिकच छोट्या कारखान्यांत लेखी नियमांची जागा मालकाची मर्जी घेण्याचा धोका संभवतो. वास्तविक लघुउद्योजक प्रत्येक कामगाराला नावानिशी ओळखतो. आधी ठरविलेली उद्दिष्टे, दरमहा संवाद आणि लेखी नोंद, एवढे त्याला सहज जमण्याजोगे आहे. ते न केल्यास कुशल कामगार शेजारच्या गाळ्यात जाईल आणि नुकसान मालकाचेच होईल.